राजघराण्यातल्या बाईंची ओटी

मला कुणी "थोडंसं लिहून द्या" म्हटलं की माझं डोकं फिरतं, कारण म्हणणाऱ्याला ते दोन मिनिटांचं काम वाटत असतं. आमच्या केंद्राच्या मॅनेजरनी असंच जाता जाता सांगितलं, की लंडनहून एक पाहुण्या येणार आहेत, त्यांचा परिचय हिंदीत आणि मराठीत थोडासा लिहून द्या, भिंतीवर लावू. आमचं केंद्र म्हणजे बंदराच्या दाराशी असलेली दोन खोल्यांची जागा. बोटीवरची माणसं सिंगापूरला उतरली की इथे येऊन घरी व्हिडिओ कॉल करतात, चहा पितात, टेबल टेनिस खेळतात आणि परत बोटीवर जातात. त्यांत फिलिपिनो पुष्कळ, आणि आपली कोकणातली मुलंही बरीच असतात. मी तिथे सिमकार्डं देते, चहाचं बघते आणि कुणाला रडायचं असेल तर समोर बसते.

पाहुण्या म्हणजे ब्रिटिश राजघराण्यातल्या एक वयस्कर बाई. खलाशांसाठी काम करणारी जी संस्था आमचं केंद्र चालवते, तिच्या त्या आश्रयदात्या. त्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. लेकीला विचारलं, तर तिनेही ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, त्या फॅमिलीत इतकी माणसं आहेत, हू कॅन रिमेंबर लाह. लेक इथल्याच शाळेत शिकली आणि आता जुरोंग ईस्टला एका ऑफिसात काम करते. मी तिच्याशी मराठीत बोलते आणि ती जे तोंडात येईल त्यात उत्तर देते. आम्ही दोघी क्वीन्सटाउनच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहतो, दोघींच्या मानाने तो मोठा आहे.

लंडनहून आलेला परिचय चांगला चार पानांचा होता. त्यात बाईंनी नेमकं काय केलं ते शोधता शोधता माझी पुरेवाट झाली. जन्म गावाबाहेरच्या एका मोठ्या घरात. वडील राजाच्या नात्यातले. शिक्षण आधी घरी, मग मुलींच्या शाळेत, मग थोडंफार फ्रेंच. लग्न एका साध्या माणसाशी, म्हणजे ज्याच्या नावापुढे काही बिरुद नाही अशाशी. आणि तिथून पुढे सगळी उद्घाटनं. पुलांची, शाळांची, दवाखान्यांची. त्यांनी फिती कापल्या, पडदे ओढले, झाडं लावली, बोटींना नावं दिली. मूकबधिर मुलांची संस्था, म्हाताऱ्या घोड्यांची संस्था, चर्चच्या जुन्या घंटा दुरुस्त करणारी संस्था, सगळ्यांना ह्यांचाच आश्रय. घोड्यांपर्यंत आल्यावर मी कागद खाली ठेवला आणि लेकीला म्हटलं, आपल्याकडे अशा बाईला लोक विचारतात, तुम्हाला घरी काही कामं नाहीत का.

पण लिहायचं होतं म्हणून मी इंटरनेटवर त्यांचे फोटो बघत बसले, आणि माझं मत हळूहळू बदलायला लागलं. तरुणपणीच्या एका फोटोत राजवाड्याच्या सज्जात सगळं घराणं उभं आहे आणि ह्या डावीकडच्या टोकाला आहेत, अर्धा चेहरा चौकटीबाहेर गेलेला. दुसऱ्या एकात नुसता खांदा दिसतो. मधल्या लोकांना मुलं होत गेली, नातवंडं होत गेली, आणि प्रत्येक बारशागणिक ह्या गादीच्या रांगेत एक जागा मागे सरकत गेल्या. पुढे कधीतरी ठरलं की सज्जात फक्त अगदी जवळच्यांनी उभं राहायचं. ह्यांना बोलावणं बंद झालं. त्यावर त्या कुठे काही बोलल्याचं मला सापडलं नाही. त्याच सुमाराच्या एका फोटोत त्या कुठल्याशा गावात भर पावसात उभ्या आहेत, बुटांना चिखल लागलाय, आणि एक नवीन बसस्टँड सुरू झाला म्हणून हसताहेत. दुसऱ्यांच्या आनंदाला जाऊन कडेला उभं राहायचं, आपण नंतर कुणाच्या लक्षात राहणार नाही हे माहीत असायचं, आणि तरी चेहरा नीट ठेवायचा. हे काम मी करून बघितलं आहे, त्यामुळे ते सोपं नाही एवढं मला कळतं.

शेवटच्या पानावर एक ओळ होती. पतीच्या निधनानंतर थोड्याच आठवड्यांत त्या आपल्या कार्यात पुन्हा रुजू झाल्या. त्याचाही फोटो मिळाला. काळा कोट, हातात पांढरी फुलं, पुढे सहा माणसांच्या खांद्यांवर शवपेटी. त्या फोटोपाशी मी फार वेळ बसले. मला त्या बाईंचा हेवा वाटला. लिहायला बरं दिसत नाही, पण वाटला. त्यांना मागून चालत जायला एक पेटी मिळाली होती.

माझा नवरा मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होता. काही वर्षांपूर्वी त्याची बोट सिंगापूरहून निघाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो नाश्त्याला आला नाही, इंजिन रूममध्येही नव्हता आणि केबिनमध्येही नव्हता. बोट मागे फिरवली, जवळून जाणाऱ्या बोटींनीही शोधलं, विमान आलं. काही हाती लागलं नाही. समुद्र शांत होता, असं कॅप्टन मला फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता. त्यात त्याला काय दिलासा वाटत होता कुणास ठाऊक. पाय घसरला, चक्कर आली की आणखी काही, ते कुणालाच सांगता आलं नाही. चौकशी झाली, कागद झाले, आणि त्यावर तो बेपत्ता असा राहिला.

खलाशाच्या बायकोला नवरा घरी नसण्याची सवय असते. वर्षातले कितीतरी महिने तो तसाही नसायचा. त्याचे कपडे कपाटात, त्याची खुर्ची रिकामी, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात, हे आमच्या घराचं नेहमीचंच चित्र होतं. त्यामुळे तो गेला हे घराला कळलंच नाही, आणि घराला कळलं नाही म्हणून मीही कळून घेतलं नाही. एखाद्या मच्छीमाराने उचललं असेल, कुठल्या तरी बेटावर असेल, काही आठवत नसेल. हे सिनेमातलं आहे हे मला त्या वेळीही समजत होतं. तरी मी गळ्यात मंगळसूत्र ठेवलं, कपाळाला टिकली ठेवली आणि कुणी विचारलं तर "बोटीवर असतात" म्हणून वेळ मारून नेली. नव्या माणसांना ते पटायचं. जुनी माणसं विचारायचीच नाहीत.

माझे धाकटे दीर पुण्याला असतात. ते सुरुवातीपासून म्हणत होते की वहिनी, दादाचं पुढचं करायला हवं. शरीर मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस मांडतात आणि त्यालाच अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. बारा वर्षं वाट बघायची असते असं मी ऐकलं होतं, तेच मी ढालीसारखं पुढे केलं. दीर म्हणाले, समुद्रात गेलेल्यासाठी गुरुजी तेवढं थांबायला सांगत नाहीत, तुम्ही हो म्हणा फक्त. मी हो म्हणाले नाही. पानांचं बाहुलं जाळून माझा नवरा मेला असं मी ठरवायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी त्याला मारते आहे असं वाटायचं.

खरी भांडणं लेकीशी झाली. तिला विधी स्वतःच्या हाताने करायचा होता. तिचा देवाधर्मावर फार विश्वास आहे अशातला भाग नाही. एकदा आम्ही जेवत होतो आणि ती म्हणाली, "मला एक दिवस पाहिजे, आई. वर्षातला एक दिवस, ज्या दिवशी मी बाबांसाठी रडू शकेन. आता मला रोज थोडं थोडं रडावं लागतं." मी तिला म्हटलं, ते परत आले तर काय सांगशील? ती ताट घेऊन उठली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. ती वेळेवर घरी यायची, माझं औषधपाणी बघायची, रविवारी हॉकर सेंटरमधून माझ्या आवडीचं खाणं आणायची, आणि आमच्यामध्ये तो विषय रोज जेवायला बसायचा. मी गप्प राहून लेकीला दूर लोटते आहे हे मला दिसत होतं.

तर ह्या अशा दिवसांत राजघराण्यातल्या बाई येणार होत्या.

इथे मराठी बायकांचं एक मंडळ आहे. पाहुण्यांच्या स्वागताला भारतीय पद्धतीचं काहीतरी करा, असं केंद्राने मंडळाला सुचवलं आणि मंडळ पेटलं. अध्यक्षांच्या घरी बैठक ठरली. त्यांचा काँडो ईस्ट कोस्टला आहे, चौदाव्या मजल्यावर, आणि गॅलरीतून समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींची रांग दिसते. लोक त्या दृश्यासाठी भाडं मोजतात. मी नेहमी गॅलरीकडे पाठ होईल अशी खुर्ची धरते, आणि हे अध्यक्षांना माहीत असल्यामुळे त्या ती खुर्ची माझ्यासाठी ठेवतात. बाई मनाने वाईट नाहीत हे मला आधीच सांगून टाकायला हवं.

बैठकीत ओटी भरायची ठरली. पाहुणी आली की खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि आधी हळदीकुंकू. कुणीतरी खणाचा रंग सुचवला, कुणी म्हणालं त्यांना पदर नसेल तर ओटी घेणार कशात, त्यावर एकीने शाल सुचवली. लंडनहून आधीच येऊन राहिलेला एक तरुण अधिकारी व्यवस्था बघत होता, त्याने फोनवर विचारलं होतं की तांदूळ शिजवलेला आहे का. सुरक्षेच्या माणसाला नारळाची शेंडी खटकत होती, ती काढता येईल का असं तो विचारत होता. शेंडीवरून पाच मिनिटं हसणं झालं. मीही हसले. मग अध्यक्षा म्हणाल्या, ताई, तुम्ही परिचय लिहिलाय ना, तो वाचून दाखवा, म्हणजे सगळ्यांना कळेल आपण कुणाची ओटी भरतोय.

मी वाचला. पूल, शाळा, घोडे, घंटा. त्या ओळीपर्यंत आले आणि ती वाचली, की पतीच्या निधनानंतर थोड्याच आठवड्यांत त्या कार्यात रुजू झाल्या. खणाचा रंग सुचवणारीने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मग चर्चा सुरू झाली, आणि ती फार सभ्य होती. आजकाल कोण असलं मानतं, सगळ्याच म्हणाल्या. त्यांना काय कळणार आहे, एक म्हणाली. आपल्याला कळतंय ना पण, दुसरी म्हणाली, आणि तिची सासू इथेच राहते, ती फोटो बघणारच. नुसता पुष्पगुच्छ द्यावा का? पण केंद्राला ओटी सांगून झाली होती, नारळाला परवानगीही मिळाली होती. नोकऱ्या करणाऱ्या, गाड्या चालवणाऱ्या, टीम सांभाळणाऱ्या ह्या बायका, आणि विधवा बाईची ओटी सवाष्णीने भरावी की नाही ह्यावर घामाघूम झाल्या होत्या. मला गंमत वाटत होती. मी मनात म्हणत होते, बघा, राजाच्या घरची झाली तरी आमच्या हळदीकुंकवात तिला जागा नाही. तेवढ्यात अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मग ओटी तुम्हीच भरा ना ताई. तुमच्या हातून झाली तर काही प्रश्नच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, मला मान दिला असंच त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं ह्याच बायका संक्रांतीला मला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही ह्या पेचात असायच्या आणि वाण दाराशी आणून द्यायच्या, म्हणजे बोलावल्यासारखंही झालं आणि न बोलावल्यासारखंही. मी सवाष्ण की विधवा हे त्यांनी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. त्या दुपारी चहा आणि चिवडा खाता खाता ते ठरून गेलं. मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

घरी जाताना बसमध्ये मी रागाने नुसती धुमसत होते. अध्यक्षांना काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवत होते, आणि चांगलं जुळलंही होतं. पण क्वीन्सटाउन येईपर्यंत एक गोष्ट मला छळायला लागली. त्या सगळ्यांना माहीत होतं. अगदी सहज, नारळाच्या शेंडीइतकं सहज माहीत होतं. नवरा परत येईल असं त्या खोलीत फक्त मी म्हणत होते, आणि ते म्हणताना माझाही आवाज निघत नव्हता.

ठरलेल्या दिवशी केंद्राचं रूप पालटलं होतं. टेबल टेनिसचं टेबल कडेला, जमीन चकचकीत, आणि कोकणातली चार मुलं इस्त्रीचे शर्ट घालून शाळेतल्यासारखी ओळीने उभी. तरुण अधिकाऱ्याने आम्हाला शिकवून ठेवलं होतं, की आपण आधी हात पुढे करायचा नाही, बाई बोलल्यावरच बोलायचं, आणि त्या एकेकापाशी थोडंच थांबतील तर लांबलचक सांगत बसू नका. लेक रजा काढून आली होती आणि मंडळाच्या बायकांबरोबर माझ्या मागे उभी होती. अध्यक्षांनी तबक माझ्या हातात दिलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मी बघितलं, तबकात कोयरी नव्हती. हळद नव्हती, कुंकू नव्हतं. दोघींचीही अडचण होऊ नये म्हणून कुणीतरी ते आधीच हलक्या हाताने उचलून ठेवलं होतं.

बाई आल्या. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, पायात साधे सपाट बूट, आणि उकाड्याने चेहरा लालबुंद झालेला. आवाज खणखणीत. त्या पहिल्या मुलाला म्हणाल्या, फार लांबून आलात का. तो दापोली म्हणाला. त्या म्हणाल्या, वा, छान. दुसऱ्याला विचारलं, फार लांबून आलात का. तो म्हणाला, त्याच्या शेजारच्याच गावाहून. त्या म्हणाल्या, वा, छान. हजारो वेळा विचारलेला प्रश्न होता तो, पण विचारताना त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होत्या. मग त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे घरी आलेल्या बाईला रिकामं पाठवत नाहीत, तिचं घर भरलेलं राहावं म्हणून हे द्यायचं असतं. शालीचा विसर सगळ्यांनाच पडला होता. बाईंनी क्षणभर इकडेतिकडे बघितलं, हातातली पर्स अधिकाऱ्याकडे दिली आणि अंगातल्या जाकिटाची दोन्ही टोकं धरून पुढे केली. मी त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. जाकीट महागाचं होतं, पण त्या अगदी नीट धरून उभ्या होत्या. मला एकाएकी त्यांच्याबद्दल माया वाटली.

मग त्यांनी त्यांचं काम केलं. खलाशाच्या बायकोला विचारायचा असतो तो प्रश्न विचारला. तुमचे मिस्टर बोटीवर असतात का? मी हो म्हणाले. "मग आता कुठे आहेत?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ही इज डेड." मराठीत मी ते कधीच म्हटलं नसतं. इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं सरळ बाहेर पडलं. मागे कुणीतरी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला.

बाई वा, छान म्हणतील असं मला एक क्षण वाटलं, कारण त्यांचा चेहरा त्यासाठी तयार झाला होता. तो त्यांनी सावरला. त्यांनी विचारलं, त्यांना घरी आणता आलं का. मी म्हणाले, नाही, ते समुद्रात गेले, सापडले नाहीत. अधिकारी एक पाऊल पुढे आला, म्हणजे आता पुढच्या माणसाकडे चला. बाई हलल्या नाहीत. ओटी तशीच धरून त्या खालच्या आवाजात बोलल्या, फक्त मला ऐकू येईल असं.

"माझा नवरा गेला तेव्हा मी एका वाचनालयाचं उद्घाटन करत होते. माझ्याबरोबरच्या लोकांना आधीच कळलं होतं. त्यांनी कार्यक्रम पुरा होऊ दिला. पडदा ओढला, ते ठीक आहे, ते माझं कामच आहे. पण मग त्यांनी मला चहासुद्धा घेऊ दिला. मी तिथे केकची तारीफ करत होते. ते मला आजही सोसत नाही."

चार पानी परिचयात हे नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावला, जे करायचं नाही असं शिकवलेलं होतं. त्यांनी मान हलवली, ओटी अधिकाऱ्याच्या हातांत सोडली, जाकिटावरचे तांदूळ झटकले आणि पुढच्या फिलिपिनो स्वयंपाक्याकडे वळल्या. फार लांबून आलात का, त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा खणखणीत होता.

मी मागे वळले तर लेक नव्हती. अध्यक्षा रडत होत्या, त्यांनी मला जवळ घेतलं, आणि बसमध्ये जुळवलेलं त्यांना ऐकवायचं मला आठवलंही नाही. लेक बाहेर, थंड पेयांच्या मशीनच्या आडोशाला उभी होती. मला वाटलं, तिला हलकं वाटलं असेल, इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर नुसता संताप होता.

"तू तिला सांगितलंस," ती म्हणाली. "शी इज अ स्ट्रेंजर, आई. तिला यू टेल जस्ट लाइक दॅट. मी इतकी वर्षं एकाच घरात राहते तुझ्याबरोबर. मला नाही सांगितलंस."

तिचं बरोबर होतं. मला म्हणायचं होतं की परक्याला सांगणं सोपं असतं, त्या बाईंना मी परत कधी दिसणार नाही, तू मात्र रोज समोर असतेस. पण ती सगळी कारणं होती आणि तिला कारणं नको होती. बाप गेल्याची बातमी तिला कधी कुणी दिलीच नव्हती. तो बोटीवरून नाहीसा झाला तेव्हा ती कॉलेजात होती. बाबा सापडत नाहीयेत एवढंच मी तिला सांगितलं होतं, आणि त्या वाक्यावर मी तिला सोडून दिलं होतं. पुढचं वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि घरात मोठी मीच होते. मी तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीत म्हणाले, "बाळा, बाबा गेले."

ती लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. आतून टाळ्या ऐकू आल्या, कार्यक्रम संपला असावा. येणारी जाणारी माणसं आमच्याकडे बघत होती आणि पेयांच्या मशीनशी न थांबता पुढे जात होती.

त्याच आठवड्यात मी दिरांना फोन करून हो म्हटलं. ते नाशिकच्या गुरुजींना विचारतो म्हणाले. मंगळसूत्र मी निघण्याच्या सकाळी घरीच काढून ठेवलं. ते दुसऱ्या कुणी काढायला नको होतं.

नाशिकला नदीकाठी ऊन फार होतं. गुरुजी तरुण होते, त्यांना मुलीने विधी करण्याचं काही वाटलं नाही. त्यांनी दर्भ अंथरला आणि त्यावर पळसाची पानं मांडायला सुरुवात केली. डोकं, मग मान, मग छाती, दोन हात. पानं वाऱ्याने हलत होती, म्हणून दिरांनी कडेने हात धरला होता. हे बाहुलं जाळायचं ह्या कल्पनेचा मी इतकी वर्षं धसका घेतला होता, आणि प्रत्यक्षात ते बाहुल्यासारखंही दिसत नव्हतं. पानांचा एक लांबट ढीग होता, माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी लहान. माझा नवरा चांगला उंच होता. मला गुरुजींना सांगावंसं वाटलं की थोडी पानं आणखी लावा.

लेक ओल्या कपड्यांत, सांगतील तसं सगळं करत होती. मंत्र तिला येत नव्हते, गुरुजी एकेक शब्द म्हणायचे आणि ती तो मागून म्हणायची. शेवटी गुरुजी तिला म्हणाले, आता वडिलांच्या पायांवर डोकं ठेव, मग अग्नी द्यायचा. ती पुढे झाली, गुडघ्यांवर बसली, वाकली आणि तशीच थांबली. त्या पानांकडे ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिली. मग तिने मान वळवून मला हळूच विचारलं, "आई, पाय कुठल्या बाजूला आहेत?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हात लावून तिला दाखवले.